एकतीस मायक्रॉन

आमची चिप शर्टाच्या बाहीवरच्या बटणाहूनही लहान आहे. एवढ्याशा जागेत लहर सोडणारा भाग, परत आलेली लहर ऐकणारा भाग, दोघांचे अँटेना आणि मधली सगळी आकडेमोड, असं अख्खं रडार बसवलेलं आहे. विमानतळावर गरगर फिरणारी ती भलीमोठी जाळी आठवा. काम तेच, फक्त ही आकाशातलं विमान शोधत नाही. हातभर, दोन हात अंतरावरची वस्तू नेमकी किती लांब आहे ते ही सांगते, आणि तेही केसाच्या जाडीच्या सत्तराव्या भागापर्यंत. म्हणजे सांगायला हवं होतं. त्या आठवड्यात सांगत नव्हती आणि माझ्या नाकी नऊ आले होते.

चिपमधून लहर निघते, समोरच्या वस्तूवर आपटते आणि परत येते. ही लहर जेमतेम अडीच मिलिमीटर लांबीची. परत येताना ती चढावर आहे की उतारावर, हे चिप ओळखते, आणि त्यावरून समोरची वस्तू मायक्रॉनभर सरकली तरी तिला पत्ता लागतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉन जाड असतो. सहा वर्षं मी हेच करते आहे, तरी सकाळी यंत्र चालू करून पहिला आकडा पडद्यावर आला की मला अजून नवल वाटतं. घरी कुणाला सांगायला गेलं की ते मान डोलावतात आणि मोबाइल का तापतो ते विचारतात.

ही चिप पोलादी पत्रा लाटणाऱ्या एका कारखान्याला हवी होती. दोन रोलरांमधली फट त्यांना सतत मोजायची होती, आणि तिथं इतकी वाफ आणि तेलाचा फवारा असतो की प्रकाशावर चालणारी सगळी यंत्रं आंधळी होतात. आमची लहर वाफेतून सरळ आरपार जाते. अट एकच होती, चूक पाच मायक्रॉनच्या आत हवी. पहिले दोन नमुने नापास झाले होते. तिसऱ्याची चाचणी पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी तपासणी समितीसमोर होणार होती, आणि हा नापास झाला तर काम कायमचं बंद, असं आम्हाला स्वच्छ सांगितलेलं होतं. आमच्या पाचजणांची पांगापांग झाली असती, चिप कपाटात गेली असती आणि मला चार्जरच्या विभागात पाठवलं असतं. चार्जर बनवणाऱ्यांबद्दल माझं वाईट मत नाही. पण मला तिथं जायचं नव्हतं.

मोजमापाची खोली आमच्या मजल्याच्या टोकाला आहे. खिडकी नाही, भिंतींना लहरी शोषणारा काळा फेस लावलेला, दाराला हातभर काच. मधोमध दीड मीटर लांबीचा ॲल्युमिनियमचा रूळ. रुळाच्या एका टोकाला चिप, दुसऱ्या बाजूला रुळावरून सरकणारी छोटी गाडी, आणि गाडीवर तीन पत्रे जोडून केलेला एक कोपरा. या कोपऱ्यावर लहर कुठूनही आली तरी आल्या वाटेनं परत जाते. रुळावर मापाच्या बारीक रेघा कोरलेल्या आहेत. गाडी कोणत्या रेघेवर आहे ते भिंगातून बघायचं, चिप काय म्हणते ते पडद्यावर बघायचं आणि दोन्ही आकडे वहीत लिहायचे. एवढं सोपं काम.

गाडी मी एक मीटर वीस सेंटिमीटरवर पक्की आवळून ठेवली होती. सकाळी दहाला चिप आणि रूळ यांचं एकमत असायचं. मग चिपचा आकडा हळूहळू वर सरकायला लागायचा. तीन, सात, बारा मायक्रॉन. साडेबाराच्या सुमाराला तो एकतीसवर जायचा. रुळावरची रेघ मात्र जागची हललेली नसायची. मी हात टेकून जेवायला जायचे, तासाभरानं परत यायचे, तर आकडा पुन्हा ताळ्यावर! दोन वाजल्यापासून परत तोच तमाशा. रोज. आमच्या गणितीनं तर जाहीर करून टाकलं की चिपला जेवणाची सुट्टी मानवते.

गणिती म्हणजे आमचा आकडेमोड लिहिणारा सहकारी. माणूस हुशार आहे, पण त्याला कुठलीही अडचण दिसली की आधी ती वजा करावीशी वाटते.

मी काय काय केलं नाही! चिप तापते की काय म्हणून तिला एका धातूच्या बैठकीवर बसवलं, जिचं तापमान दिवसभर एका अंशाच्या शंभराव्या भागानंही बदलत नाही. वायरी बदलल्या. कोपरा बदलला. एसीच्या वाऱ्यानं कोपरा थरथरत असेल म्हणून कामाच्या वेळी एसी बंद ठेवायला लागले, जेवायला जातानाच तो चालू करायचे. दार बंद. चपला बाहेर. रुळाशेजारी उभी राहून, भिंगाला डोळा लावून, डोळ्यांत तेल घालून मी त्या रेघेवर पहारा करायचे. श्वाससुद्धा बेतानं घ्यायचे. आणि जितकी जास्त काळजी घ्यायचे, तितका आकडा जास्त चढायचा. त्या आठवड्याच्या शुक्रवारी तर मी तीन तास हलले नाही आणि चूक चाळिसावर गेली. मला त्या चिपचा इतका राग आला की तिला उचलून भिंतीवर मारावं असं वाटलं.

शनिवारी दुपारी गणिती कागद घेऊन आला. ''चूक रोज सारखीच येते ना? मग रोज तेवढी वजा करून टाकू. बारा ओळी लिहिल्यात. हे बघ.''

कागदावरची रेषा सरळसोट होती. चिप आणि रूळ गुण्यागोविंदानं नांदत होते.

''ही लबाडी आहे,'' मी म्हणाले.

''लबाडी कसली? सगळे करतात. चष्मा लावतेस ना तू? तसाच चिपला चष्मा.''

''डोळ्याला काय झालंय ते कळल्यावर चष्मा लावतात.''

''मग कळव लवकर,'' तो म्हणाला. ''सहा दिवस राहिलेत.''

मला त्याचा राग आला, पण खरं सांगायचं तर मोहही झाला. घरी जाताना मी मनाशी ठरवूनही टाकलं होतं की सोमवारी त्या बारा ओळी घालायच्या आणि सुटायचं.

मी आत्याबरोबर राहते, किंवा आत्या माझ्याबरोबर राहते. या विषयावर आमचं एकमत नाही. आई-बाबा दोघंही नोकरीवर असायचे, त्यामुळे मला लहानाची मोठी केली ती हिनंच. तीस वर्षं ती एका कारखान्याच्या टूलरूममध्ये गेज तपासायची. गेज म्हणजे पोलादाचे चकचकीत ठोकळे. कारखान्यातली बाकीची सगळी मापं त्यांच्यावरून ताडून बघतात. ठोकळ्यात जरा कमी-जास्त दिसलं की ही बाई कुणाचीही भीडभाड न ठेवता अख्खा ट्रे परत पाठवायची. कामगार तिच्या पाठीमागे तिला मायक्रॉनबाई म्हणायचे. ते तिला ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही.

''काय झालंय?'' जेवताना तिनं विचारलं. ''मघापासून एकच घास घोळवतेयस.''

''चिप चुकतेय.''

''किती?''

''एकतीस मायक्रॉन.''

''अगं बाई! एकतीस?'' आत्याच्या हातातला चमचा तसाच राहिला.

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणाला तरी त्या आकड्याची दहशत वाटली. मला एकदम भरून आलं. मग मी सगळं सांगितलं, रूळ, रेघ, सकाळ, दुपार, सुट्टी. 

''त्या वेळी खोलीत कोण असतं?'' शेवटी तिनं विचारलं.

''मीच.''

''मग तूच.''

''मी काय? मी हातसुद्धा लावत नाही कशाला!''

''हात कशाला लावायला हवा? जिवंत आहेस ना? जिवंत माणूस ऊबदार असतं. दार बंद करून, वारा बंद करून तू तीन तास त्या रुळाला बिलगून उभी राहणार, मग तो लांबणार नाही तर काय करेल? कशाचा आहे?''

''ॲल्युमिनियमचा.''

आत्यानं कपाळाला हात लावला. ''आमच्याकडे कुणी ॲल्युमिनियमची पट्टी घेऊन माप घ्यायला आला असता ना, तर त्याला पट्टीसकट दाराबाहेर काढला असता मी.''

''पण रेघ हलत नाही, आत्या. मी भिंगातून बघते ना.''

''कशी हलेल? रेघा रुळावरच कोरल्यात ना? रूळ लांबला की रेघाही त्याच्याबरोबर लांब गेल्या, गाडीही गेली. रेघ म्हणणार, मी आपली इथंच आहे. शहाणे, तुझी पट्टीच वाढतेय. आणि तुझ्या त्या बटणाला ते कळतंय. ते बिचारं रोज सांगतंय आणि तू रोज त्याला खोटं ठरवतेयस.''

 जेवण तसंच टाकून मी एका जुन्या पाकिटावर आकडे मांडले. एक मीटर वीस सेंटिमीटर ॲल्युमिनियम, एक अंश तापलं तर सत्तावीस-अठ्ठावीस मायक्रॉन वाढणार. एकतीस म्हणजे अंशभर आणि वर थोडंसं. बंद खोलीत, शेजारी एक माणूस, अडीच तास. अगदी तंतोतंत! शाळेत शिकलेली गोष्ट. चिपचं तापमान मी तळहातावरच्या फोडासारखं जपलं होतं, आणि जिच्यावरून चिपला खरं-खोटं ठरवायचं त्या पट्टीकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आम्ही चिपवाले एका सेकंदाचे अब्जावे भाग मोजतो आणि धातू तापला की वाढतो हे विसरतो.

मग दुसरी गोष्ट लक्षात आली. गणितीच्या त्या बारा ओळी. खरं बोलणाऱ्या चिपला आम्ही सोमवारी खोटं बोलायला शिकवणार होतो. कारखान्यात गेल्यावर ती रोज एकतीस मायक्रॉन खोटं बोलली असती, आणि कुणालाही कधी कळलं नसतं.

रविवारी सकाळी मी आत्याला घेऊन ऑफिसात गेले. गणितीलाही बोलावलं होतं. तो रविवार बुडाला म्हणून तोंड फुगवून बसला होता. आत्यानं आल्याआल्या ताबा घेतला. वीजपुरवठ्याचे डबे गरम लागतात, ते बाहेर काढा. दिवा बंद करा. एसी चालू करा आणि रूळ मुरू द्या. पडदा लांब वायर लावून बाहेर घ्या. आणि सगळे बाहेर व्हा.

''किती वेळ?'' गणितीनं विचारलं.

''धातूला घाई नसते,'' आत्या म्हणाली. ''दोन तास.''

दोन तासांनी एसी बंद केला आणि दाराबाहेर बसून आम्ही पडद्याकडे बघत राहिलो. फरकाचा आकडा शून्यावर होता. अर्ध्या तासानं शून्यावरच. तासानं मधूनच एक दिसायचा आणि परत शून्य. मी या चिपला इतकी स्थिर कधीच पाहिली नव्हती. पाहणार कशी? मी तिला बघायला आत गेले की ती स्थिर राहणंच शक्य नव्हतं.

''आता मी जाते आत,'' आत्या म्हणाली. ''पडदा काचेकडे फिरव, मलाही दिसू दे.''

ती आत गेली आणि रुळापासून हातभर अंतरावर, दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी राहिली. टूलरूममध्ये ती अशीच उभी राहत असणार. दार लावलं. मिनिटभर काही झालं नाही. मग एक. जरा वेळानं दोन. तीन. आत्या हलत नव्हती, रूळ हलत नव्हता, त्या खोलीत डोळ्याला दिसेल असं काहीही घडत नव्हतं. आणि पडद्यावर आकडा एकेक पायरी चढत होता. वीस मिनिटांत पाच. गणितीनं खुर्ची पुढं ओढली. आत्यानं काचेतून पडद्याकडे पाहिलं, मग रुळाकडे पाहिलं, मग पुन्हा पडद्याकडे. ती मागं सरकून भिंतीशी गेली. चढ मंदावला. परत जवळ आली. चढ वाढला. मग तिनं अगदी हळूच, जन्मात पहिल्यांदा नियम मोडावा तशी, एक बोट रुळावर टेकवलं, आणि पलीकडच्या टोकाला बसलेल्या त्या बटणानं ते ओळखलं.

 सहा वर्षं मी जे बनवत होते ते काय आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

आत्या बाहेर आली. एरवी तिच्या तोंडाला लगाम नसतो. पण ती खुर्चीवर बसली आणि काचेतून रुळाकडे बघत राहिली.

''तीस वर्षं मी लोकांवर ओरडले,'' शेवटी ती म्हणाली. ''गेजला हात लावू नका, जवळ उभे राहू नका, फुंकू नका. पोरं मला हसायची. हसू देत म्हणायचे. पुस्तकात लिहिलं होतं म्हणून मी मानत होते. पण असं घडताना कधी पाहिलं नव्हतं गं. कुणीच पाहिलं नसेल.'' तिनं डोळे पुसले. ''नुसतं शेजारी उभं राहिलं तरी त्याला कळतं की!''

गणितीनं स्वतःचा लॅपटॉप उघडला आणि त्या बारा ओळी पुसून टाकल्या.

शुक्रवारी समिती आली. सातजण. त्यांच्या प्रमुखांना सगळे काटेसाहेब म्हणतात. हे त्यांचं आडनाव नाही. वजनकाट्यासारखा हा माणूस कुणाच्या बाजूला झुकत नाही, आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कशावर विश्वास ठेवत नाही, म्हणून ते नाव. आमचे आधीचे दोन नमुने यांनीच नापास केले होते, आणि माझ्या मनात त्याची अढी होती, पण दोन्ही वेळा त्यांचंच बरोबर होतं.

''सुरू करू या,'' ते म्हणाले आणि सातहीजण खोलीकडे निघाले.

मी दारात आडवी उभी राहिले. ''साहेब, चाचणीच्या वेळी आत कुणीच असून चालणार नाही.''

''म्हणजे?''

''सातजण आत असाल तर रूळ तापेल, लांबेल, आणि चिप चुकल्यासारखी दिसेल.''

''अस्सं,'' काटेसाहेब म्हणाले. ''म्हणजे तपासणारे असले की नापास आणि नसले की पास. फार सोयीची चिप आहे, बाई.''

मागं खसखस पिकली. माझं डोकं सणकलं. एरवी मी काहीतरी बोलून बसले असते आणि सगळ्यावर पाणी पडलं असतं. पण मला रविवारची आत्या आठवली, ते पाठीमागे बांधलेले हात आठवले.

''तुम्ही एकटे आत जा,'' मी म्हणाले. ''अर्धा तास. आत काय वाटेल ते करा, फक्त रूळ ढकलू नका. काय केलंत ते मला सांगू नका. मी बाहेर पडद्यासमोर बसते, हे सहाजण माझ्यावर नजर ठेवतील. तुम्ही आत काय केलंत ते चिप सांगेल.''

काटेसाहेबांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. ''काचेवर कागद लावा,'' त्यांनी हुकूम सोडला. मग घड्याळ पाहिलं, खिशातून छोटी डायरी काढली आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

बाहेर सहाजण माझ्याभोवती कोंडाळं करून उभे राहिले. सुरुवातीला त्यांचं आपापसांत चाललं होतं, कुणाच्या मुलीची परीक्षा, कुणाचा गुडघा. मग आकडा चढायला लागला तशा गप्पा थांबल्या. रेघ सावकाश वर जात होती. घड्याळात अकरा वाजून बारा मिनिटं झाली आणि ती एकदम ताठ वर वळली. कुणीतरी ''अरे!'' म्हणालं. मिनिटभरानं पुन्हा सावकाश. मग अकरा वीसला एक अगदी बारीकसा उंचवटा आला, इतका बारीक की मी तो दोनदा पाहिला.  तो उंचवटा खरा असेल तर सगळं खरं, आणि तो नुसता गोंधळ असेल तर मी सातजणांसमोर तोंडघशी पडणार होते.

काटेसाहेब बाहेर आले. मी छापलेला कागद त्यांच्यासमोर धरला.

''इथं अकरा बाराला तुम्ही रुळावर हात ठेवलात. पूर्ण तळहात. मिनिटभर. सहा मायक्रॉन.''

त्यांनी डायरी उघडून पाहिली. चेहऱ्यावर काही नाही.

''आणि इथं अकरा वीसला पण काहीतरी केलंत. हात नाही. दीडच मायक्रॉन आहे. काय केलंत ते मला नाही सांगता येणार. पण केलंत.''

 काटेसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि कागद डोळ्यांजवळ नेला.

''दोन बोटं,'' ते हळूच म्हणाले. ''दोन बोटं टेकवली होती. म्हटलं, एवढं काही तिला कळायचं नाही.''

मग ते आपल्या उजव्या हाताच्या दोन बोटांकडे बघत राहिले. पंचवीस वर्षं माणसांना नापास करणारा तो माणूस एखाद्या लहान मुलासारखा आपली बोटं निरखत होता, आणि मला त्यांच्याबद्दलची अढी विसरून त्यांना मिठी मारावीशी वाटली. मारली नाही. तेवढी अक्कल मला आहे.

''किती वाजता घ्यायची चाचणी?'' त्यांनी विचारलं.

''रूळ निवायला हवा. दोन वाजता.''

दोनला आम्ही दिवा मालवून, एसी बंद करून दार लावलं. गाडी मोटरनं दर खेपेला दहा मायक्रॉन सरकणार होती, असे तीनशे टप्पे. रेघा वाचायला भिंगाऐवजी आता गाडीवर छोटा सेन्सर होता, त्यामुळे प्रत्येक टप्प्याला रुळाचा आकडा आणि चिपचा आकडा बाहेर शेजारी शेजारी उमटणार. पहिल्या वीस टप्प्यांत फरक एकाच्या वर गेला नाही. सातहीजण पडद्यावर वाकले होते. काटेसाहेबांनी अचानक सगळ्यांना हातानं मागं सारलं.

''दाराला टेकू नका. लांब व्हा. जिन्याकडे चला सगळे.''

''साहेब, दार जाड आहे,'' मी म्हणाले. ''इतकं काही...''

''तरीसुद्धा,'' ते म्हणाले.

पडदा जिन्याजवळच्या टेबलावर नेला आणि आम्ही पायऱ्यांवर बसलो, सात तपासणारे, गणिती आणि मी. सगळे आपोआप हळू आवाजात बोलायला लागले, आणि थोड्या वेळानं तेही थांबलं. दारामागं त्या काळ्या खोलीत कुणी नव्हतं. नखाएवढं एक यंत्र आपली लहर सोडत होतं, ती अंधारातून जाऊन परत येत होती, आणि ते शांतपणे सांगत होतं, इतकं, आता इतकं, आता इतकं. ऐकणारं कुणी असो वा नसो. मी इतकी वर्षं तिच्या उशाशी बसून होते, तिची काळजी करत, तिच्यावर चिडत. आणि तिला नीट काम करू द्यायला मी फक्त उठून जायला हवं होतं. हे कळल्यावर वाईट वाटायला हवं होतं बहुतेक. मला मात्र इतका अभिमान वाटत होता की छातीत मावत नव्हता.

चारला तीनशेवा टप्पा झाला. सगळ्यांत मोठी चूक, दोन मायक्रॉन.

काटेसाहेबांनी पेन काढलं आणि चाचणीचा फॉर्म गुडघ्यावर ठेवून भरायला घेतला. तारीख, वेळ, नमुना, निकाल. खाली एक मोठा रकाना होता, 'चाचणीच्या वेळी खोलीत उपस्थित', आणि त्यात सह्यांसाठी सात ओळी आखलेल्या. त्या रकान्यापाशी त्यांचा हात थांबला.  नियमाप्रमाणे तिथं सात सह्या नसतील तर चाचणी झालीच नाही असं धरतात, हे मलाही माहीत होतं आणि त्यांना माझ्याहून जास्त. त्यांनी एकदा बंद दाराकडे पाहिलं. मग सातही ओळींवर एक तिरकी रेघ मारली, तिच्यावर ठळक अक्षरांत 'कोणीही नाही' असं लिहिलं, आणि खाली सही केली.

''पास,'' ते म्हणाले आणि फॉर्म माझ्या हातात दिला.

मला हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदम. काटेसाहेबांनी दुसरीकडे बघत स्वतःचा रुमाल माझ्यापुढं केला.